खेळातील यंत्र : एक संग्राह्य वस्तू आणि तिचे शास्त्र

एके काळी खेळणे म्हटले म्हणजे लाकडाची, मातीची किंवा पत्र्याची एखादी वस्तू डोळ्यांपुढे येई. ती हातात धरता येई, कालांतराने मोडे, हरवे, किंवा धाकट्या भावंडाच्या वाट्याला जाई. गेल्या पाव शतकात मात्र संगणकाच्या पडद्याबाहेर कधीही न येणाऱ्या खेळण्यांचा एक नवा वर्ग जगभर रूढ झाला आहे. लक्षावधी माणसे ही खेळणी मिळविण्यासाठी तासन् तास खर्च करतात, त्यांचे संग्रह करतात, क्वचित त्यांच्यापायी भांडतातही. एका प्रसंगी तर अशा वस्तूंच्या चोरीचा प्रश्न एका देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जिला वजन नाही, आकार नाही आणि जी कोणत्याही कारखान्यात बनलेली नाही, अशी ही वस्तू नेमकी कशाची असते, आणि ती दुर्मिळ कशी राहते, हे समजून घेण्यासारखे आहे.

उदाहरणादाखल एकच यंत्र घेणे सोयीचे होईल. अमेरिकेतील ब्लिझार्ड एंटरटेनमेंट या कंपनीने नोव्हेंबर २००४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. हा भूमिका घेऊन खेळावयाचा खेळ होय. खेळणारा एक पात्र निवडतो, त्यास नाव देतो आणि एका काल्पनिक जगात त्या पात्राकरवी वावरतो. त्याच वेळी त्याच जगात निरनिराळ्या गावांची हजारो माणसे आपापली पात्रे घेऊन वावरत असतात. प्रत्येक पात्रास एखादा व्यवसाय शिकता येतो. कोणी लोहार होतो, कोणी शिंपी, कोणी अभियंता. अभियांत्रिकीत पुढे दोन संप्रदाय आहेत. एक गॉब्लिन नामक हिरव्या, धनलोभी जमातीचा. त्याचा भर स्फोटकांवर आहे. दुसरा नोम नामक ठेंगू जमातीचा. त्यास चमत्कारिक उपकरणांचा सोस आहे. मूळच्या नियमानुसार एक संप्रदाय पत्करला म्हणजे दुसऱ्याची विद्या बंद होई.

गॉब्लिन संप्रदायाच्या अभियंत्यास जी यंत्रे बनविता येतात त्यांत ‘डायमेन्शनल रिपर : एव्हरलुक’ हे एक आहे. एव्हरलुक हे त्या जगातील बर्फाळ प्रदेशातले व्यापारी ठाणे. यंत्र चालविले की पात्र जेथे असेल तेथून क्षणार्धात त्या ठाण्यात पोहोचते. एरवी हा प्रवास बराच लांबचा आणि कंटाळवाणा आहे. एकदा वापरल्यावर मूळ नियमाप्रमाणे चार तासपर्यंत ते पुन्हा चालत नाही. नोम संप्रदायाचे यंत्र याचे जुळे भावंड असून ते वाळवंटातील गॅजेटझान या शहरी नेते. त्याचे नाव ‘अल्ट्रासेफ ट्रान्सपोर्टर’, म्हणजे अतिसुरक्षित वाहक, असे आहे. हे नाव थट्टेने ठेवलेले आहे, हे वापरणाऱ्याच्या लवकरच ध्यानात येते. कारण दोन्ही यंत्रे अधूनमधून बिघडतात. कधी पात्रास आग लागते, तर कधी त्याचे रूपच पालटते. खेळणाऱ्यांना ही यंत्रे प्रिय झाली ती बहुधा या खोडीमुळेच. जे यंत्र नेहमी बिनचूक चालते त्याच्या आठवणी कोणी सांगत बसत नाही.

आता या यंत्राचा पडदा दूर करून पाहावे. पडद्यावर दिसणारे चित्र म्हणजे यंत्र नव्हे; ते चित्र प्रत्येक खेळाडूच्या संगणकात आधीपासूनच साठविलेले असते, मग त्याच्यापाशी ते यंत्र असो वा नसो. खरे यंत्र दूरच्या एका मध्यवर्ती संगणकात असते. अशा संगणकास सर्व्हर म्हणतात. सर्व्हरच्या स्मृतीत दोन प्रकारच्या नोंदी ठेवलेल्या असतात. पहिल्या प्रकारात वस्तूच्या जातीचे वर्णन असते : तिचे नाव, ती कोणास वापरता येते, वापरल्यावर काय घडते, किती वेळाने पुन्हा वापरता येते. प्रत्येक जातीस एक क्रमांक असतो. उपर्युक्त गॉब्लिन यंत्राचा क्रमांक १८९८४ आहे. दुसऱ्या प्रकारात प्रत्यक्ष नगांची नोंद असते. अमुक अनुक्रमांकाचा नग, जात १८९८४, मालक अमुक पात्र, पिशवीतील स्थान अमुक, एवढाच तिचा मजकूर. ग्रंथालयात जाणाऱ्यास ही व्यवस्था परकी वाटू नये. तेथेही पुस्तकाचे वर्णन सूचिपत्रावर एकदाच लिहिलेले असते आणि त्याच्या प्रत्येक प्रतीस मात्र दाखल-क्रमांक स्वतंत्र असतो.

नगांना क्रमांक पुरतील की नाही, अशी शंका कोणास येईल. संगणकात संख्या शून्य आणि एक या दोनच अंकांनी लिहितात. असे ६४ अंक वापरले, तर जितके निरनिराळे क्रमांक होतात त्यांची संख्या १८ या आकड्यापुढे १८ शून्ये मांडल्यास येणाऱ्या संख्येपेक्षाही मोठी भरते. मनुष्यजातीने सर्व कामे टाकून हा एकच खेळ खेळला तरी ते संपण्याचे भय नाही.

नोंद सर्व्हरपाशी ठेवण्याचे कारण सरळ आहे. खेळाडूचा संगणक खेळाडूच्या ताब्यात असतो. त्यातील नोंद हीच प्रमाण मानली, तर थोडेफार संगणकशास्त्र जाणणारा कोणीही मुलगा आपल्या पिशवीत हवी ती यंत्रे लिहून घेईल. म्हणून खेळाडूचा संगणक केवळ अर्ज करतो : ‘हे यंत्र चालवावे.’ सर्व्हर आपली वही पाहतो. यंत्र या पात्राच्या मालकीचे आहे काय, पात्रास ती विद्या येते काय, चार तास उलटले काय, हे तपासतो आणि मग निकाल कळवितो. बँकेच्या खिडकीपाशी उभा असलेला माणूस आपल्या पासबुकात काहीही लिहू शकेल. पैसे मिळतात ते बँकेच्या खातेवहीप्रमाणे.

वहीत लिहिणे ही क्रियादेखील वाटते तितकी सोपी नाही. समजा, एका पात्राने दुसऱ्यास एक वस्तू दिली. त्यासाठी दोन बदल करावे लागतात. पहिल्याच्या पिशवीतून वस्तू काढावयाची आणि दुसऱ्याच्या पिशवीत घालावयाची. आधी घातली आणि काढण्यापूर्वी वीज गेली, तर वस्तू दोघांपाशी राहील. उलट क्रम धरला, तर ती कोणापाशीच राहणार नाही. पहिला अपघात अधिक घातक. कारण तो ज्यास मुद्दाम घडवून आणता येतो त्यास एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ अशा वस्तू करता येतात. अशी वीस आवर्तने झाली की एका नगाचे १० लाख ४८ हजार ५७६ नग होतात. अनेक खेळांना या रोगाने ग्रासले असून तो लागल्यावर दुर्मिळ वस्तू आठवड्याभरात कवडीमोल होते.

यावरील उपाय खेळांकरिता शोधला गेला नाही. तो बँका आणि विमान-आरक्षण यांच्या गरजेतून निघाला. परस्परांशी निगडित असे सर्व बदल एकच अविभाज्य व्यवहार मानावयाचे. ते सगळे घडतील, किंवा त्यांपैकी एकही घडणार नाही. संगणक बदलाचा मनोदय आधी एका वेगळ्या रोजकीर्दीत लिहितो आणि मगच मुख्य वही बदलतो. मध्येच काम बंद पडले, तर पुन्हा सुरू होताना रोजकीर्द वाचून अर्धवट व्यवहार पुरा तरी करतो, अथवा मोडून तरी टाकतो. या विषयातील मूलभूत कार्याबद्दल अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांना १९९८ सालचे ट्युरिंग पारितोषिक देण्यात आले. जादूच्या जगातील वस्तू जादूने दुप्पट होत नाही याचे श्रेय अशा रीतीने हिशेबनिसांच्या जुन्या शिस्तीकडे जाते.

आता यंत्राच्या बिघडण्याकडे वळता येईल. यंत्र केव्हा बिघडावे हे कोण ठरवितो? सर्व्हर प्रत्येक वेळी एक आकस्मिक संख्या काढतो आणि ती ठरलेल्या मर्यादेत पडली तर बिघाड घडवितो. परंतु संगणक हे आज्ञाधारक यंत्र आहे. तेच गणित त्याच आकड्यांवर केले तर उत्तरही तेच येते. मग त्याच्यापासून आकस्मिकता मिळावी कशी? बहुधा ती मिळत नाहीच. तिचा भास तेवढा निर्माण केला जातो. त्याची एक सोपी रीत कागदावर करून पाहण्याजोगी आहे. कोणतीही एक संख्या घ्यावी, तिला ५ ने गुणावे, ३ मिळवावे आणि बेरजेस १६ ने भागून उरणारी बाकी लिहावी. त्या बाकीवर पुन्हा हीच क्रिया करावी. ७ पासून आरंभ केल्यास पुढीलप्रमाणे संख्या मिळतात : ६, १, ८, ११, १०, ५, १२, १५, १४, ९, ०, ३, २, १३, ४ आणि पुन्हा ७. शून्यापासून पंधरापर्यंतची प्रत्येक संख्या एकेकदा येऊन गेली, आणि नियम ठाऊक नसणाऱ्यास हा क्रम अस्ताव्यस्त वाटेल.

तथापि बारकाईने पाहणाऱ्यास यातील व्यंग दिसेल. विषम संख्येनंतर सम आणि समनंतर विषम, असा हा क्रम आरंभापासून अखेरपर्यंत चालतो. ‘विषम आल्यास बिघाड’ असा नियम जर केला, तर यंत्र एकाआड एक वेळ हटकून बिघडेल आणि चाणाक्ष मुलास ते दुसऱ्याच दिवशी कळेल. म्हणून प्रत्यक्षात वापरली जाणारी सूत्रे पुष्कळ गुंतागुंतीची असतात व त्यांची आवर्तने अतिशय प्रदीर्घ असतात. त्यांपासून मिळणाऱ्या संख्यांना आभासी यादृच्छिक संख्या म्हणतात. जेथे कोणीतरी अंदाज बांधून लाभ उठविण्याचा संभव असतो, तेथे आरंभीची संख्या विद्युत्-मंडलातील सूक्ष्म गोंगाटासारख्या भौतिक घटनांतून घेतात.

हीच यादृच्छिक संख्या वस्तूच्या दुर्मिळतेचेही नियमन करते. वर वर्णिलेले यंत्र अभियंत्यास खात्रीने बनविता येते. मिथ्रिलसारख्या काल्पनिक धातू गोळा कराव्यात, विद्या शिकावी, की झाले. परंतु या खेळातील कित्येक करामती खेळणी एखाद्या विरळा दिसणाऱ्या प्राण्यास हरविल्यावर मिळाली तर मिळतात. समजा, असे खेळणे मिळण्याची संभाव्यता शंभरात एक आहे. मग शंभर वेळा प्रयत्न केला म्हणजे ते मिळालेच पाहिजे, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. एका प्रयत्नात न मिळण्याची संभाव्यता ०.९९. शंभरही प्रयत्नांत न मिळण्याची संभाव्यता काढण्यासाठी ०.९९ ही संख्या शंभर वेळा मांडून गुणाकार करावा लागतो. उत्तर सुमारे ०.३६६ येते. म्हणजे दहा हजार माणसांनी प्रत्येकी शंभर वेळा प्रयत्न केला तर त्यांपैकी सुमारे ३,६६० माणसे रिकाम्या हाताने परततील. प्रत्येकी तीनशे वेळा केला तरी सुमारे ४९० उरतील. पाचशे प्रयत्नांनंतरही पासष्ट-सहासष्ट माणसे अशी असतील की ज्यांना खेळ आपल्याशी वैर करतो असे मनापासून वाटेल. सर्व्हरला त्यांचे नावही ठाऊक नसते.

यापुढचा भ्रम अधिक खोल आहे. तीनशे वेळा हुकल्यावर ‘आता तर जवळ आलेच असणार’ असे वाटू लागते. परंतु तीनशे-एकाव्या प्रयत्नातही संभाव्यता शंभरात एकच असते, कारण काढलेल्या संख्येस मागचे काहीच स्मरत नाही. मनुष्याचे मन मात्र हिशेब ठेवते आणि आपली गुंतवणूक वाया जाऊ नये म्हणून आणखी गुंतवते.

संग्रह पुरा करू पाहणाऱ्याची अवस्था तर विशेषच कठीण असते. एखाद्या पेटीतून दहा प्रकारच्या खेळण्यांपैकी कोणतेही एक सारख्याच संभाव्यतेने निघते असे मानावे. पहिले खेळणे नवीनच असणार. परंतु नऊ जमा झाल्यावर दहाव्यासाठी सरासरीने आणखी दहा पेट्या उघडाव्या लागतात. सर्व दहा मिळविण्यासाठी लागणाऱ्या पेट्यांची सरासरी सुमारे २९ भरते. पन्नास प्रकार असल्यास ती सुमारे २२५ होते. आगपेटीवरील चित्रे, च्युइंगगमच्या पाकिटातील खेळाडूंची छायाचित्रे जमविणाऱ्या मुलांनी हा नियम अनुभवाने जाणलेला आहे. शेवटची दोन-तीन चित्रेच सर्वांना छळतात.

जोवर पेटी केवळ वेळ खर्चून उघडता येते तोवर हानी वेळेचीच. परंतु पुष्कळ खेळांत आता अशा पेट्या खऱ्या पैशांनी विकल्या जातात आणि खरीददारांत शाळकरी मुले असतात. येथे संभाव्यतेचे गणित घरखर्चाच्या गणितात शिरते. चीनने १ मे २०१७ पासून असा नियम केला की पेटीतून कोणती वस्तू किती संभाव्यतेने निघते हे कंपनीने जाहीर केले पाहिजे. बेल्जियमच्या द्यूत-नियामक मंडळाने एप्रिल २०१८ मध्ये काही खेळांतील विकत घ्यावयाच्या पेट्या हा जुगारच होय, असा निर्णय दिला. काही कंपन्यांनी ठरावीक प्रयत्नांनंतर दुर्मिळ वस्तू हटकून देण्याची पद्धत सुरू केली आहे. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या खेळात सर्वसाधारण सोडतीची ही मर्यादा नव्वद आहे. ही दया आहे की अधिक कुशल प्रलोभन, याविषयी दुमत होऊ शकेल. जो नव्वदापर्यंत मोजू लागला तो ऐंशीवर क्वचितच थांबतो.

वॉरक्राफ्टमधील यंत्रांच्या बाबतीत २०१४ साली एक लक्षणीय बदल झाला. तोपर्यंत प्रत्येक यंत्र पात्राच्या पिशवीत एक जागा अडवीत असे. मूळच्या पिशवीत सोळाच जागा होत्या. अधिक पिशव्या मिळविता येत, परंतु त्यांनाही मर्यादा होती. साहजिकच हौशी संग्राहकांस शस्त्र ठेवावे की कागदी विमान ठेवावे, असा प्रश्न पडे. त्या वर्षी ऑक्टोबरात कंपनीने ‘टॉय बॉक्स’, म्हणजे खेळण्यांची पेटी, ही सोय आणली. खेळणे एकदा पेटीत टाकले की नग म्हणून त्याचे अस्तित्व संपते. ‘या खेळाडूपाशी हे खेळणे आहे’ एवढीच खूण उरते आणि ती त्याच्या सर्व पात्रांस उपयोगी पडते. स्थलांतराचे ते गॉब्लिन यंत्रही या पेटीत गेले. मात्र चालविण्यासाठी अभियांत्रिकी येणे आवश्यकच राहिले.

संगणकशास्त्राच्या दृष्टीने हा बदल मोठा आहे. आहे किंवा नाही, एवढे सांगण्यास एक द्विमान अंक पुरतो. हजार खेळण्यांचा संपूर्ण संग्रह तत्त्वतः हजार अंकांत, म्हणजे १२५ बाइट इतक्या जागेत मावतो. या परिच्छेदातील एक लांब वाक्य त्याहून अधिक जागा घेते. उलटपक्षी, पेटीत टाकलेले खेळणे पुन्हा कोणास देता किंवा विकता येत नाही. वस्तूचे रूपांतर एका प्रमाणपत्रात झाले, असे म्हणता येईल. संग्राहकांनी या बदलाचे स्वागत केले आणि संग्रह वाढविण्याचा छंद पूर्वीपेक्षा अधिकच बळावला.

मग या वस्तूंना मोल असते काय? २००१ साली एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने ‘एव्हरक्वेस्ट’ या तत्कालीन खेळातील नोराथ नामक काल्पनिक जगाची पाहणी केली. तेथील वस्तू आणि नाणी खेळाबाहेर कोणत्या दराने विकली जातात हे पाहून त्याने त्या जगाचे दरडोई उत्पन्न वर्षाला २,२६६ डॉलर काढले. ते रशियाच्या व बल्गेरियाच्या तेव्हाच्या उत्पन्नांच्या दरम्यानचे होते. शून्य आणि एक यांच्या रांगेस लोक पैसे मोजत होते, कारण ती रांग मिळविण्यास कोणाचे तरी तास खर्ची पडले होते.

कायद्यापुढे हा प्रश्न आला तो नेदरलँड्समध्ये. केंब्रिज येथील जॅगेक्स या कंपनीचा ‘रूनस्केप’ हा खेळ २००१ पासून चालू आहे. २००७ साली लेउवार्डेन या गावी तेरा वर्षांच्या एका मुलास त्याच्याहून थोड्या मोठ्या दोन मुलांनी मारहाण केली, चाकूचा धाक दाखविला आणि त्यास खेळात प्रवेश करावयास लावून त्याच्या पात्रापाशी असलेला एक ताईत व एक मुखवटा बळकावला. मारहाण हा गुन्हा होता यात संशय नव्हता. पण चोरी झाली काय? बचावपक्षाचे म्हणणे असे की ताईत आणि मुखवटा ही केवळ माहिती आहे, वस्तू नव्हे. शिवाय खेळातील सर्व काही कंपनीच्या मालकीचे असते, तेव्हा मुलाचे असे काही चोरीस गेलेच नाही.

डच न्यायालयांस हा पेच अगदीच अपरिचित नव्हता. १९२१ साली हेग येथील एका दंतवैद्याने विजेच्या मीटरमध्ये लबाडी करून वीज वापरली होती, आणि जी हातात धरता येत नाही ती वीज चोरता येते काय, असा प्रश्न तेव्हा उपस्थित झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा ‘येते’ असे उत्तर दिले होते. कारण वीज एकाकडून दुसऱ्याकडे जाते, ती निर्माण करण्यास श्रम व पैसा लागतो आणि तिला मोल आहे. ३१ जानेवारी २०१२ रोजी त्याच न्यायालयाने ताईत व मुखवटा यांनाही चोरीस पात्र अशी वस्तू ठरविले. त्या मुलाने वेळ आणि श्रम खर्चून त्या मिळविल्या होत्या. तो आणि ते दोघे आरोपी यांच्या लेखी त्यांना मोल होते. आणि खेळात प्रवेश केल्यावर त्यांवर एकट्या त्याचाच ताबा चालत होता. कागदोपत्री मालक कोण, यापेक्षा हा प्रत्यक्ष ताबा न्यायालयाने महत्त्वाचा मानला. तो ताबा त्याने गमावला आणि दुसऱ्याने मिळविला. सर्व्हरच्या वहीत तेवढ्याने दोन नोंदींपुढील मालकाचे नाव बदलले होते.